उदाहरण की प्रश्नकर्ता? : यवतमाळ जिल्ह्यातील लोकचर्चेचे चिकित्सक वाचन

प्रास्ताविक

यवतमाळ जिल्ह्याला सार्वजनिक चर्चेची जुनी परंपरा आहे. लोकनायक बापूजी अणे यांनी १९१८ साली यवतमाळातून जे साप्ताहिक सुरू केले त्याचे नावच 'लोकमत' होते. १९३० साली पुसद येथे झालेला जंगल सत्याग्रह हाही गवत आणि जंगल यांसारख्या रोजच्या गरजेच्या प्रश्नाला राजकीय वाचा देणारा प्रसंग होता. अशा या जिल्ह्याचे नाव गेल्या चार दशकांत मात्र एका वेगळ्याच कारणाने महाराष्ट्राच्या आणि देशाच्या तोंडी राहिले आहे. महागाव तालुक्यातील चिलगव्हाण येथील शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी व चार मुलांसह जीवनयात्रा संपविली. महाराष्ट्रातील पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या म्हणून या घटनेचा उल्लेख होतो आणि २०१७ पासून १९ मार्च हा दिवस अनेक ठिकाणी अन्नत्याग करून पाळला जातो. तेव्हापासून आजपर्यंत या जिल्ह्याविषयी संसदेत, विधिमंडळात, वृत्तपत्रांत, विद्यापीठांत आणि साहित्याच्या व्यासपीठांवर पुष्कळ बोलले गेले.

चर्चा उदंड झाली, पण ज्यांच्याविषयी ती झाली त्यांना त्या चर्चेत कोणते स्थान मिळाले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला. शेतमालाचा भाव, वीज, पाणी, दवाखाना, रस्ता, सातबारावरील नाव हे येथील माणसाचे रोजचे विषय आहेत. या विषयांवर तो पारावर, बाजारात, एस. टी. च्या थांब्यावर बोलतच असतो. त्याचे हे बोलणे जेव्हा सार्वजनिक व्यासपीठावर येते तेव्हा त्याचे काय होते, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी २००८, २०१४ व २०१९ या वर्षांतील तीन ठळक प्रसंग आणि त्यांच्या तुलनेत ग्रामसभा हे नित्याचे व्यासपीठ विचारात घेतले आहे. हे प्रसंग राजकीय पक्षांचे गुणदोष दाखविण्यासाठी निवडलेले नाहीत. एखाद्या संहितेचे वाचन करावे तसे त्यांच्या रूपाचे वाचन येथे करावयाचे आहे.

वाचनाचे निकष

चर्चा आणि संवाद हे दोन शब्द आपण अनेकदा समानार्थी वापरतो. या लेखापुरता त्यांत पुढीलप्रमाणे भेद केला आहे. ज्या बोलण्यात विषय ठरविण्याचा अधिकार दोन्ही बाजूंना आहे, मिळालेल्या उत्तरावर प्रतिप्रश्न करता येतो आणि झालेल्या बोलण्याची नोंद बोलणाऱ्याच्या आशयाला धरून होते, त्यास संवाद म्हणावे. यांपैकी काहीच नसेल तर ती केवळ चर्चा होय, मग तीत सहभागी झालेल्यांची संख्या कितीही मोठी असो.

हे निकष बाहेरून आणलेले आहेत असे मानण्याचे कारण नाही. महात्मा फुले यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तेव्हा तो केवळ छापून वाचकांपुढे ठेवण्याचा त्यांचा विचार नव्हता. त्यातील मजकूर त्यांनी ठिकठिकाणी लोकांसमोर वाचून दाखविला, तसाच तो बडोद्यास सयाजीराव गायकवाड यांच्यापुढेही वाचला. ज्यांच्याविषयी लिहिले त्यांच्यासमोर आणि ज्यांनी उत्तर द्यावयाचे त्यांच्यासमोरही तेच शब्द ठेवणे, ही एक पद्धती होती. शेतकऱ्याविषयी बोलताना शेतकरी समोर असला पाहिजे, आणि उत्तरदायी व्यक्तीही समोर असली पाहिजे, ही दुहेरी अट मराठी वैचारिक परंपरेत सव्वाशे वर्षांहून अधिक काळ उपलब्ध आहे.

संसदेतील उदाहरण : जळका, २००८

२२ जुलै २००८ रोजी लोकसभेत अणुकराराच्या पार्श्वभूमीवर मांडलेल्या विश्वासदर्शक ठरावावर चर्चा चालू असताना राहुल गांधी यांनी मारेगाव तालुक्यातील जळका येथील कलावती बांदूरकर यांचा उल्लेख केला. कलावतीबाईंच्या पतीने कर्जबाजारीपणातून २००५ साली आत्महत्या केली होती. एका विधवा शेतकरी स्त्रीचे जगणे ऊर्जासुरक्षेच्या युक्तिवादाचा आधार म्हणून सभागृहात आले. त्या उल्लेखामुळे जळका हे गाव देशाला माहीत झाले. सुलभ इंटरनॅशनल या संस्थेने कलावतीबाईंना आर्थिक साहाय्यही केले. प्रसिद्धीचा हा प्रत्यक्ष लाभ नाकारण्याचे कारण नाही.

तथापि या प्रसंगाचा उत्तरार्ध अधिक बोलका आहे. ९ ऑगस्ट २०२३ रोजी अविश्वास ठरावावरील चर्चेत केंद्रीय गृहमंत्री अमित शाह यांनी त्याच कलावतीबाईंचा उल्लेख केला आणि त्यांना घर, वीज, गॅस या सुविधा आपल्या सरकारने दिल्या असे सांगितले. त्यानंतर कलावतीबाईंनी वार्ताहरांशी बोलताना या दाव्याशी असहमती दर्शविली. पंधरा वर्षांच्या अंतराने एकाच स्त्रीचे नाव देशाच्या सर्वोच्च सभागृहात दोनदा घेतले गेले, आणि दोन्ही वेळा ते दुसऱ्याच कोणाच्या तरी युक्तिवादासाठी. विषय त्यांनी ठरविला नव्हता. प्रतिवाद करावयाचा तर सभागृहाबाहेर, कॅमेऱ्यासमोर करावा लागला. सभागृहाच्या कार्यवृत्तात त्यांचे नाव आहे, पण त्यांचे म्हणणे तेथे नाही.

लोकप्रतिनिधीने मतदाराचे दुःख सभागृहात मांडावे, हीच प्रातिनिधिक लोकशाहीची रीत आहे, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो रास्तही आहे. पण प्रतिनिधित्व करणे आणि उदाहरण म्हणून वापरणे यांत फरक आहे. प्रतिनिधी जे मागतो ते मागणाऱ्याचे असते. उदाहरण मात्र देणाऱ्याच्या मुद्द्याला पुष्टी देण्यापुरतेच असते आणि मुद्दा संपला की त्याचे कामही संपते. कलावतीबाईंचा कापूस, त्यांचे कर्ज आणि त्यांच्या मुलांचे शिक्षण हे अणुकराराच्या मतदानाने सुटणारे प्रश्न नव्हते.

चहावरील चर्चा : दाभडी, २०१४

दुसरा प्रसंग आर्णी तालुक्यातील दाभडी येथील आहे. २० मार्च २०१४ रोजी, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, भारतीय जनता पक्षाचे पंतप्रधानपदाचे उमेदवार नरेंद्र मोदी यांनी येथे शेतकऱ्यांशी 'चाय पे चर्चा' केली. रूपाच्या दृष्टीने हा प्रसंग पहिल्यापेक्षा निश्चितच पुढचा होता. येथे नेता गावात आला, शेतकरी समोर बसले, त्यांनी आपल्या अडचणी मांडल्या आणि त्यांना उत्तरे मिळाली. चहा हे निमित्तही विचारपूर्वक निवडलेले होते. आपल्याकडे गावातील कोणताही गंभीर विषय चहाच्या टपरीवरच निघतो.

मात्र प्रतिप्रश्नाचा निकष लावला म्हणजे या रूपाची मर्यादा ध्यानात येते. २०१४ च्या जाहीरनाम्यात उत्पादन खर्चावर किमान पन्नास टक्के नफा मिळवून देण्याचे आश्वासन होते. स्वामिनाथन आयोगाच्या शिफारशींमुळे ही मागणी शेतकऱ्यांच्या परिचयाची झाली होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये असा भाव देणे व्यवहार्य नाही, अशी भूमिका केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयातील प्रतिज्ञापत्रात घेतली. पुढे २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात दीडपट भावाची घोषणा झाली आणि त्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ४०२० रुपयांवरून ५१५० रुपये झाला. ही वाढ मोठी होती. पण दीडपट कशाच्या, हा वाद तेव्हापासून चालू आहे. सरकारने धरलेल्या खर्चात प्रत्यक्ष झालेला खर्च आणि कुटुंबाच्या श्रमाचे मूल्य येते. शेतकरी संघटनांची मागणी स्वतःच्या जमिनीचा खंड व स्वतःच्या भांडवलावरील व्याज धरून येणाऱ्या सर्वसमावेशक खर्चाची आहे.

"खर्च म्हणजे कोणता खर्च?" हा प्रश्न कोरडवाहू कापूस पिकविणाऱ्या कोणत्याही माणसाला सहज सुचणारा आहे. बियाणे, खत, फवारणी, निंदण, वेचणी यांचा हिशेब त्याला तोंडपाठ असतो. पण चर्चेचे रूप असे होते की पहिला प्रश्न विचारता येत होता, दुसरा नाही. दिलेल्या उत्तराचा अर्थ वर्षभराने, चार वर्षांनी विचारण्यासाठी तेच दोन पक्ष पुन्हा समोरासमोर बसण्याची कोणतीही व्यवस्था तीत नव्हती. सभा संपली की प्रश्नकर्ता पुन्हा श्रोता झाला.

साहित्याचे व्यासपीठ : यवतमाळ, २०१९

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळात प्रथम १९७३ साली ग. दि. माडगूळकर यांच्या अध्यक्षतेखाली झाले होते. त्यानंतर ११ ते १३ जानेवारी २०१९ या काळात डॉ. अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली ९२ वे संमेलन येथे भरले. उद्घाटक म्हणून निमंत्रित केलेल्या ज्येष्ठ लेखिका नयनतारा सहगल यांचे निमंत्रण आयोजकांनी मागे घेतले आणि त्यावरून मोठा वाद झाला. महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद जोशी यांनी राजीनामा दिला, अनेक लेखकांनी संमेलनाकडे पाठ फिरविली. अखेर कळंब तालुक्यातील राजूर येथील वैशाली येडे यांच्या हस्ते उद्घाटन झाले. त्यांच्या पतीने २०११ मध्ये आत्महत्या केली होती. त्या अंगणवाडीत मदतनीस म्हणून काम करीत होत्या.

या प्रसंगाचे मूल्यमापन एकेरी करता येत नाही. येडे यांचे भाषण हे पहिल्या दोन प्रसंगांपेक्षा मूलतः वेगळे होते, कारण येथे बाधित व्यक्ती स्वतः प्रथमपुरुषी एकवचनात बोलत होती. रडत बसण्यापेक्षा लढण्याचा निर्धार त्यांनी मांडला. व्यवस्थेने बळी घेतलेल्यांच्या मागे उरलेल्या स्त्रीचे प्रश्न त्यांनी मराठी साहित्यविश्वाच्या मध्यभागी आणून ठेवले. दुसरीकडे, एका स्त्रीचा आवाज काढून घेतल्यामुळे मोकळ्या झालेल्या जागी दुसऱ्या स्त्रीचा आवाज बसविला गेला, हे विसरता येत नाही. दिल्लीची बाई विरुद्ध गल्लीतील बाई अशी विभागणी तेव्हा झाली आणि खुद्द भाषणातही तिचे पडसाद उमटले. अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न आणि शेतकरी स्त्रीचा प्रश्न हे वस्तुतः एकमेकांचे प्रतिस्पर्धी नाहीत. बोलू न देणे हीच दोन्हींतील समान तक्रार आहे. ही समानता त्या व्यासपीठावर मांडली गेली असती तर संमेलनाला वेगळी उंची मिळाली असती.

शिवाय उद्घाटनाचे भाषण हे रूपच असे आहे की त्याला टाळ्या मिळतात, उत्तर मिळत नाही. या दृष्टीने 'तेरवं' या नाट्यकृतीशी तुलना उद्बोधक ठरेल. श्याम पेठकर लिखित आणि हरीश इथापे दिग्दर्शित या नाटकात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या पत्नी स्वतः भूमिका करतात. येडे याही त्यांपैकी एक होत. तेराव्या दिवसाचा विधी आटोपून पाहुणे निघून जातात, पण बाईचे जगणे तेथूनच पुढे चालू होते, हे या शीर्षकातच सुचविलेले आहे. संमेलनात एक स्त्री प्रतीक म्हणून उभी राहिली. नाटकात अनेक स्त्रिया एकमेकींशी बोलतात आणि सामूहिक अनुभव आकारास येतो. दुःखाचे प्रतीक करणे सोपे असते. त्यातील परस्परसंवाद दाखविणे अवघड असते आणि कलेची कसोटी तेथे लागते. 'तेरवं'चे महत्त्व विषयापेक्षा या रूपात अधिक आहे.

नोंदीची भाषा

आतापर्यंत पाहिलेले प्रसंग अपवादात्मक होते. रोजच्या व्यवहारात नागरिक आणि शासन यांच्यातील बोलणे प्रामुख्याने कागदावर होते आणि तेथे तिसरा निकष, म्हणजे नोंदीचा, महत्त्वाचा ठरतो. २३ जानेवारी २००६ च्या शासननिर्णयानुसार आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या वारसांना एक लाख रुपयांची मदत मिळते. प्रकरण मदतीस योग्य ठरले तर ते 'पात्र', अन्यथा 'अपात्र'. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती हा निर्णय करते आणि कर्ज बँकेचे, सहकारी संस्थेचे की परवानाधारक सावकाराचे, परतफेडीचा तगादा होता की नाही, हे पाहिले जाते. नात्यातून किंवा विनापरवाना सावकाराकडून घेतलेले कर्ज या चौकटीत सहज बसत नाही. प्रशासनाला निकष लागतात, हे मान्य. परंतु ज्या मृत्यूविषयी गाव एका भाषेत बोलते, त्याच मृत्यूविषयी कागद केवळ एका शब्दात बोलतो, आणि 'अपात्र' हा शब्द घरातील माणसांना पैसे नाकारण्यापलीकडेही बरेच काही सांगून जातो.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीतून झालेली विषबाधा हे दुसरे उदाहरण होय. वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो लोकांवर रुग्णालयात उपचार करावे लागले. शासनाने विशेष तपास पथक नेमले. त्या काळातील सार्वजनिक चर्चेत फवारणाऱ्यांच्या निष्काळजीपणाचा मुद्दा वारंवार पुढे आला. मास्क, हातमोजे, चष्मा वापरला नाही, हे विधान वस्तुस्थितीदर्शक असेलही. पण डोक्याइतक्या उंच वाढलेल्या कपाशीत, दमट उकाड्यात, दिवसाच्या मजुरीवर फवारणी करणाऱ्या माणसाला ते साहित्य कोणी द्यावयाचे होते आणि ते घालून काम करणे शक्य होते काय, हा प्रश्न 'निष्काळजीपणा' या शब्दात मावत नाही. येथे नोंदीच्या भाषेने कर्ता बदलला. ज्याला झाले त्यानेच केले, असा वाक्यार्थ तयार झाला.

ग्रामसभा : शक्यता आणि मर्यादा

या पार्श्वभूमीवर ग्रामसभेचा विचार केला पाहिजे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार गावातील प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सदस्य असतो. वर्षातून किमान चार सभा अपेक्षित असून ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे. केळापूर, घाटंजी, मारेगाव, राळेगाव या तालुक्यांतील अनुसूचित क्षेत्रात मोडणाऱ्या गावांना १९९६ च्या पेसा कायद्याने व २०१४ च्या राज्य नियमांनी आणखी अधिकार दिले आहेत. म्हणजे तिन्ही निकष येथे तत्त्वतः पूर्ण होतात. विषय गाव ठरवू शकते, प्रतिप्रश्न करू शकते आणि ठरावाची लेखी नोंद होते. संसद, प्रचारसभा किंवा संमेलन यांपैकी एकाही व्यासपीठाने सामान्य माणसाला हे दिलेले नाही.

व्यवहारात काय घडते? पंधरा टक्के अथवा शंभर मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती गणपूर्तीसाठी लागते. ती झाली नाही की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीचे बंधन उरत नाही. १५ ऑगस्टच्या सुमारास शेतीची कामे चालू असतात, मजुरी बुडवून सभेस येणे सर्वांना परवडत नाही. जातीची, घराण्याची आणि पक्षाची उतरंड सभेतही असतेच. कोलामी, गोंडी किंवा गोरमाटी बोलणाऱ्यांचे म्हणणे वऱ्हाडीत आणि वऱ्हाडीतील म्हणणे कार्यालयीन मराठीत येईपर्यंत त्यातील धार उरत नाही. ठरावबुकाची भाषा ठरलेली असते : विषयावर सविस्तर चर्चा झाली, सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर. 'सविस्तर' या एका शब्दात सगळे बोलणे गडप होते. कोणी विरोध केला, कोणी नळाच्या पाण्याचा हिशेब मागितला, कोणी घरकुलाच्या यादीत आपले नाव का नाही असे विचारले आणि त्यास काय उत्तर मिळाले, हे पुढच्या सभेत दाखविण्यासाठी कोणताच आधार शिल्लक राहत नाही.

तरीही या रूपाची ताकद दिसून येते असा एक विषय आहे. दारूबंदीच्या मतदानासाठी गावातील पंचवीस टक्के महिला मतदारांची लेखी मागणी लागते आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिकांनी आडव्या बाटलीस मत दिल्यास दुकान बंद होते. येथे विषय महिलांनी ठरविलेला असतो, मागणी त्यांच्या सह्यांनी नोंदली जाते आणि उत्तर देण्यास शासन बांधलेले असते. घरातील भांडण म्हणून ज्याची बोळवण होत असे त्या बोलण्याला येथे सार्वजनिक निर्णयाचे रूप मिळते. अटी कठीण आहेत आणि बंदीच्या अंमलबजावणीविषयी मतभेद आहेत. पण बोलण्यातून निर्णयापर्यंत जाणारी वाट कायद्याने आखून दिली म्हणजे सामान्य स्त्रिया तिचा उपयोग करतात, एवढे त्यातून सिद्ध होते.

महाविद्यालयांचे दायित्व

या विवेचनातून शैक्षणिक क्षेत्रही सुटत नाही. राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची शिबिरे दत्तक गावांत होतात, प्रश्नावल्या भरून घेतल्या जातात, त्यांवर प्रबंधिका व शोधनिबंध सिद्ध होतात. गावकरी येथेही 'उत्तरदाता' असतो आणि प्रश्न विचारण्याचा अधिकार संशोधकाचा असतो. सर्वेक्षणाचे निष्कर्ष त्या गावाच्या ग्रामसभेपुढे सोप्या मराठीत वाचून दाखविणे आणि गावाने काढलेल्या त्रुटी निबंधात समाविष्ट करणे, ही पद्धती प्रत्येक महाविद्यालयास सहज अंगीकारता येईल. तिला वेगळे अनुदान लागत नाही. भाषा व समाजशास्त्र या विभागांनी विद्यार्थ्यांकडून ग्रामसभांची टिपणे बोलणाऱ्याच्या शब्दांत करवून घेतली तर बोलीच्या अभ्यासालाही विश्वसनीय सामग्री मिळेल आणि गावालाही आपल्या बोलण्याची दुसरी नोंद लाभेल.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१. यवतमाळ जिल्ह्यातील नागरी प्रश्नांची सार्वजनिक चर्चा विपुल आहे, परंतु तीत स्थानिक माणसाचे स्थान मुख्यतः उदाहरणाचे राहिले आहे.

२. व्यासपीठ जितके मोठे, तितकी प्रसिद्धी अधिक आणि प्रतिप्रश्नाची शक्यता कमी, असे अभ्यासलेल्या तिन्ही प्रसंगांत आढळते. प्रसिद्धीने मदत मिळू शकते, उत्तरदायित्व मिळतेच असे नाही.

३. बाधित व्यक्तीने स्वतः बोलणे ही आवश्यक अट आहे, पुरेशी नाही. बोलण्याचे रूप व त्याची नोंद यांचाही विचार करावा लागतो.

४. ग्रामसभेत संवादाच्या तिन्ही अटी पूर्ण होण्याची शक्यता आहे. तिची मुख्य त्रुटी अधिकारांच्या अभावापेक्षा कार्यवृत्ताच्या भाषेत व उपस्थितीच्या अटींत आहे आणि ती दूर करता येण्याजोगी आहे. विचारलेला प्रश्न, विचारणाऱ्याचे नाव व मिळालेले उत्तर असे तीन रकाने ठरावबुकात आले, आणि पुढील सभेची सुरुवात मागील उत्तरांच्या वाचनाने झाली, तर बराच फरक पडेल.

चिलगव्हाण, जळका, दाभडी, राजूर ही गावे आज अभ्यासकांच्या परिचयाची आहेत. त्यांची नावे आपल्या लेखनात यापुढेही येत राहतील. ती घेताना त्या गावांचा प्रश्न कोणता होता आणि त्याला कोणी, कधी, काय उत्तर दिले, हेही सोबत नोंदविण्याचा शिरस्ता पाडला पाहिजे.